समज, समजत, समजतं

गेल्या वर्षी आमच्या टीमला तुरीनचा एक क्लायंट मिळाला. रोज दुपारी कॉल. त्यांचं इंग्रजी आणि आमचं इंग्रजी यांची गाठ पडेपर्यंत अर्धा तास जायचा. म्हणून मी हौसेनं ऑनलाईन इटालियन शिकायला घेतलं. तिसऱ्याच तासाला मास्तरीणबाई खुदकन हसल्या. मी 'ते बोलतात' यासाठी 'पार्लानो' म्हणालो होतो, 'ला'वर जोर देऊन. बाई म्हणाल्या, जोर 'पार्'वर. पार्-ला-नो. 'आम्ही बोलतो' म्हणताना मात्र तोच जोर सरकतो: पार्-लिया-मो, मधल्या तुकड्यावर. 'ते फोन करतात' यात तर शेवटून चौथ्या तुकड्यावर: ते-ले-फो-ना-नो, जोर 'ले'वर.

मग त्यांनी त्यांचं आवडतं उदाहरण काढलं. 'कापितो' हा एकच शब्द. जोर 'का'वर दिला तर 'मी अचानक येऊन टपकतो'. 'पि'वर दिला तर 'समजलं'. 'तो'वर दिला तर 'घडलं'. अक्षरं तीच, फक्त तिसऱ्या रूपात शेवटच्या स्वरावर एक तिरकी रेघ, आणि ती देणं त्यांच्याकडे सक्तीचं आहे. बाकी ठिकाणी रोजच्या लिखाणात रेघ नसते, पण शब्दकोश उघडला की जोर कुठे ते दिलेलं असतं.

मी जरा रुबाबात म्हणालो, "आमच्या भाषेत असली भानगड नाही. आम्ही लिहितो तसंच बोलतो."

त्या रात्री झोप लागेना. कारण मी चक्क खोटं बोललो होतो. आजची पोस्ट त्या खोट्याबद्दल आहे. आधीच सांगतो, यात व्याकरण थोडं आणि भांडण जास्त आहे. व्याकरण म्हटलं की ज्यांना आठवीतले सर आठवतात त्यांनी भांडणासाठी वाचावी. :-)

एक प्रयोग करा. खालचे तीन शब्द मोठ्यानं म्हणा. ऑफिसात असाल तर कॅन्टीनमध्ये जाऊन म्हणा.

समज.
समजत. (मला समजत नाही.)
समजतं. (मला सगळं समजतं.)

आता प्रत्येक शब्द तोंडात कुठे तुटतो ते बघा. पहिला: स-मज्. दुसरा: सम्-जत्. तिसरा: स-मज्-तं. पहिल्यात 'म'मधला 'अ' ऐकू येतो, दुसऱ्यात तो गायब, तिसऱ्यात परत हजर. दुसऱ्या आणि तिसऱ्या शब्दात लिहिताना फरक काय? डोक्यावरचं एक टिंब. पण बोलताना दोन तुकड्यांचा शब्द तीन तुकड्यांचा झाला आणि तुटण्याची जागाही बदलली.

योगायोग वाटत असेल तर आणखी घ्या. 'करत' म्हणजे क-रत्, 'करतं' म्हणजे कर्-तं. 'हसत' म्हणजे ह-सत्, 'हसतं' म्हणजे हस्-तं. 'बघवत नाही' यात बघ्-वत्, आणि 'बघवतं' यात ब-घव्-तं. टिंब नसलेल्या जोड्यांतही तेच. विसरतो: वि-सर्-तो, पण विसरून: विस्-रून. उघडतो: उ-घड्-तो, पण उघडून: उघ्-डून. घाबरला: घा-बर्-ला, पण घाबरून: घाब्-रून. बसवतो: ब-सव्-तो, पण बसवा: बस्-वा.

तुम्हाला हे कोणी शिकवलं? कोणीही नाही. कुठल्या पाठ्यपुस्तकात होतं? माझ्या तरी नव्हतं. तरीही तुम्ही यात कधी चुकत नाही. तीन वर्षांचं पोर चुकत नाही.

इंजिनियरला समजेल असा नियम सांगायचा तर साधारण असा. शब्दाच्या शेवटाकडून सुरुवातीकडे चालत या. शेवटी 'अ' असेल तर तो मुका. मग मागे येताना दोन्ही बाजूंना एकेक सुटं व्यंजन आणि त्यांच्या पलीकडे स्वर असा मधला 'अ' सापडला की तो गळतो. तो गळला की त्याच्या मागचा आपोआप वाचतो, कारण आता त्याच्यापुढे जोडाक्षर तयार झालेलं असतं. म्हणून शेवटी एक स्वर वाढला की मागची सगळी सोंगटी एकेक घर सरकते. हिंदीतल्या याच प्रकाराबद्दल मंजरी ओहाला यांनी १९८३ च्या आपल्या पुस्तकात सविस्तर मांडणी केली आहे. तीस ओळींचा कोड आहे हो. मी एका रविवारी लिहिला.

आणि सोमवारी तो मोडला. कारण 'मिरवतो' हा मि-रव्-तो असा बरोबर तुटला, पण 'मिरवणूक' त्यानं मि-रव्-णूक अशी काढली. आपण म्हणतो मिर्-व-णूक. 'फसवतो' फ-सव्-तो, पण 'फसवणूक' फस्-व-णूक. म्हणजे क्रियापदाचं रूप एका चालीनं तुटतं आणि त्याच धातूपासून केलेलं नाम दुसऱ्या. अक्षरांच्या साखळीकडे नुसतं बघून चालत नाही, शब्द कसा बनलाय हे कळावं लागतं.

तर मुद्दा क्रमांक एक. दर मराठी भाषा दिनाला व्हॉट्सॅपवर तो मेसेज फिरतो ना, की देवनागरी ही जगातली सर्वांत शास्त्रीय लिपी, जसं लिहितो तसंच वाचतो? तो निम्मा खरा आहे. वर्णमालेची मांडणी खरोखर देखणी आहे, उच्चाराच्या जागेप्रमाणे रांगा लावलेल्या आहेत, त्याबद्दल दुमत नाही. पण 'जसं लिहितो तसंच' हे मराठीला लागू नाही. आपण अक्षरं लिहितो आणि तुकडे बोलतो, आणि तो हिशेब प्रत्येक मराठी माणूस डोक्यात फुकट करत असतो. फुकट होतो म्हणून दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून 'नाहीच' असं आपण म्हणतो.

गंमत म्हणजे आपल्या शुद्धलेखनाचे नियम करणाऱ्यांना हे ऐकू येत होतं. महामंडळाच्या ज्या नियमांना सरकारनं १९६२ मध्ये मान्यता दिली त्यात शब्दाच्या शेवटच्या अकारान्त अक्षराआधीचा इकार-उकार दीर्घ लिहायला सांगितलाय. म्हणून 'ऊठ', पण 'उठतो'. 'शीक', पण 'शिकतो'. म्हणून 'करून'मधला रू दीर्घ. हा नियम पाठ करताना आपण वैतागतो, पण कान लावून ऐका: 'ऊठ'मधला 'अ' मुका आहे, म्हणजे बोलण्यात तो एकच तुकडा आहे आणि शब्दाचा शेवटचा तुकडा असल्यानं तो लांबतो. नियमात अक्षरांची भाषा आहे, पण त्याच्या पोटात उच्चाराचे तुकडे आहेत. शाळेत नियम सांगतात, पोट दाखवत नाहीत.

कवींना तर हे कधीचं माहीत आहे. अक्षरगणवृत्तात 'करतो'ची तीन अक्षरं मोजायची, लघु-लघु-गुरू. बोलताना मात्र दोनच तुकडे. पण मात्रा मोजल्या तर दोन्हीकडे चारच येतात, कारण 'क' आणि 'र' या दोन लघूंचा मिळून 'कर्' हा एक गुरू होतो. हिशेब चोख. शेजारच्या अमरावतीच्या सुरेश भटांनी 'गझलेची बाराखडी' लिहून होतकरू कवींना वृत्त आणि लय शिकवली. तुकडे मोजायला शिकवणारं असं काही गद्य बोलणाऱ्यांसाठी कोणी लिहिलं नाही.

इथवर कुणाला राग आला नसेल. आता येईल.

मी रिसोड तालुक्यातला. जिल्हा वाशिम. आई-वडील अजून गावीच असतात. घरी सोयाबीन आणि तूर, विहिरीला पाणी राहिलं तर हरभरा. दोन वर्षांपूर्वी आमच्याच क्षेत्रातल्या एका कंपनीनं (नाव राहू द्या) शेतकऱ्यांसाठी मराठीतून बोलणारी फोन-सेवा काढली. बाजारभाव, पाऊस, पीक विम्याची तारीख. फोन लावा, बोला, उत्तर ऐका. माझा एक मित्र त्यात होता. त्यानं विचारलं, तुझ्या गावाकडून जरा टेस्टिंग करून देतोस का? मी दिवाळीला गेलो तेव्हा आईच्या हातात फोन दिला.

आई म्हणाली, "मले सोयाबीनचा भाव पायजे. वाशिमात काय भाव चालून रायला?"

मशीननं ऐकलेलं स्क्रीनवर उमटलं: 'काय भाऊ चालून राय आला'. मग गोड आवाजात सूचना आली की मला समजलं नाही, कृपया पुन्हा बोला. पण ती सूचनासुद्धा कशी आली? 'समजलं'चं 'समजलम्'. शेवटच्या टिंबाचा सरळ 'म्' केलेला. पुढच्या वाक्यात 'उघडून' आलं ते उ-घ-डून असं, कोणी पाटीवर अक्षरं गिरवतंय तसं.

आईनं फोन कानापासून लांब धरला आणि मला विचारलं, "हे बाई कोनत्या गावची व्हय रे?"

मी हसलो. मित्राला फोन करून सांगितलं तर तोही हसला. मग त्यांच्या मीटिंगमध्ये हा विषय निघाला, मी कॉलवर होतो. तिथे कोणीतरी अगदी सहज म्हणालं, "युजरना सांगू या, जरा शुद्ध मराठीत बोला म्हणून. प्रत्येक बोलीच्या एज केस कुठे हाताळत बसायच्या?"

मी काहीही बोललो नाही. इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षी पुण्यात होस्टेलवर 'काय करून रायला' म्हणालो म्हणून जे हसं झालं होतं, ते आठवलं आणि तोंड उघडलंच नाही. त्या वेळी मी आठ दिवसांत 'काय करतोयस' म्हणायला शिकलो होतो. आजही घरचा फोन आला की मी गॅलरीत जातो. हे लिहायला मला पंधरा वर्षं लागली. असो.

तेव्हा जे बोललो नाही ते आता बोलतो.

'करतो आहे' हे पुस्तकी रूप. तुकडे मोजा: कर्-तो-आ-हे, चार. पुण्यातला माणूस काय म्हणतो? 'करतोय'. कर्-तोय, दोन. 'आहे' कुठे गेलं? गिळलं. 'करतोयस'मध्ये 'आहेस'चा फक्त 'यस' उरलाय. हे कथा-कादंबऱ्यांत चालतं, नाटकात चालतं, जाहिरातीत चालतं, आणि कोणीही त्याला अशुद्ध म्हणत नाही.

आता 'राहिलो'. रा-हि-लो, तीन तुकडे. पुण्यात बोलताना त्याचं 'राह्यलो' होतं, दोन तुकडे. आमच्याकडे त्यातला 'ह'ही जातो आणि 'रायलो' होतं, तेही दोनच तुकडे. फरक एका उसाशाचा. आणि पुणेकरांनो, खरं सांगा, तुम्ही 'पाहिजे' म्हणता की 'पायजे'? आईचं 'पायजे' मशीनला कळलं, कारण ते तुम्हीही म्हणता. 'रायला' कळलं नाही, कारण ते तुम्ही म्हणत नाही. एकच गाळणी, एकच चाल. एका शब्दाला सवलत, दुसऱ्याला हसू.

पैनगंगा ओलांडून हिंगोलीकडे जा, तिथे 'करायलो' ऐकू येईल. क-राय-लो. इकडे 'करून रायलो', नदीपलीकडे 'करायलो', पुण्यात 'करतोय'. तिघांनीही एकच काम केलंय: चालू असलेली क्रिया सांगायला एक मदतनीस क्रियापद घेतलं आणि तोंडाच्या सोयीनं ते आखडलं. यातलं एक प्रमाण आणि दोन गावठी, हे कुठल्या व्याकरणानं ठरवलं? व्याकरणानं नाही ठरवलं. छापखाने, शाळाखाती आणि कोशकार कुठे बसले होते त्यानं ठरवलं. इटलीतही हेच झालं. १८६१ मध्ये देश एक झाला तेव्हा जेमतेम अडीच टक्के लोकांना इटालियन येत होती असा तुल्लिओ दे माउरो या भाषाशास्त्रज्ञाचा अंदाज आहे. बाकीचे आपापल्या बोलीत जगत होते. फ्लॉरेन्सच्या बोलीला साहित्यामुळे मान मिळाला आणि तिचे उच्चार 'इटालियन' झाले. ती जास्त तर्कशुद्ध होती म्हणून नव्हे.

इथे ठरलेला आक्षेप येतो: "पण ते 'करून रायलो' हिंदीची नक्कल आहे, 'कर रहा हूँ'." ठीक, बघू या. विदर्भ १९५६ पर्यंत मध्य प्रांताबरोबर होता, हिंदीशी शेजार आहेच, वळण तिथून आलं असणं शक्य आहे. पण हिंदीत नुसता धातू लागतो, 'कर'. आम्ही लावतो 'करून', अस्सल मराठी ऊन-प्रत्यय घालून. वळण शेजाऱ्याचं असेल, वीट आमचीच आहे. आणि शेजाऱ्याचं वळण घेतल्यानं भाषा बाटत असेल तर पुण्यामुंबईच्या 'मी तुला कॉल करतो'चं काय करायचं ते आधी ठरवा.

दुसरं, आमच्याकडे 'येजो', 'सांगजो', 'करजो' म्हणतात. 'उद्या येजो भाऊ.' आज्ञा आहे, पण सावकाशीची, पुढच्या वेळेची, मायेची. प्रमाण मराठीत यासाठी एका शब्दाचं रूपच नाही. 'ये हं उद्या' असं 'हं' चिकटवून भागवावं लागतं. गुजरातीत हेच 'करजो' रोजच्या वापरात आहे. अभ्यासक या 'ज'चं मूळ प्राकृतातल्या 'एज्ज'पर्यंत मागे नेतात. म्हणजे ज्याला तुम्ही खेडवळ म्हणता ते जुन्या घराण्यातलं निघालं.

प्राकृताचा विषय निघालाच आहे तर. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. महाराष्ट्री प्राकृत, गाथासप्तशती, दोन हजार वर्षं. चांगलंच झालं. पण प्राकृत म्हणजे काय ते एकदा आठवा. संस्कृतातली जोडाक्षरं लोकांनी बोलता बोलता मऊ केली, अक्षरं गाळली, तुकडे आखडले, त्यातून प्राकृत उभी राहिली. 'वत्स'चा 'वच्छ' झाला. त्या काळी कोणी शुद्धतेचा कैवारी नक्कीच म्हणाला असेल, जरा नीट बोला म्हणून. आमचं वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. तिथला राजा सर्वसेन यानं चौथ्या शतकात 'हरिविजय' हे काव्य रचलं ते प्राकृतात. राजशेखराच्या 'कर्पूरमंजरी'त वैदर्भी शैलीला 'वच्छोमी' म्हटलंय, आणि ते नाव वत्सगुल्मावरून आलं असं अभ्यासक मानतात. ज्या गावाच्या बोलीची आज मीटिंगमध्ये एज केस होते, त्या गावाच्या नावानं एकेकाळी शैली ओळखली जायची. दोन हजार वर्षांपूर्वीची आखडलेली अक्षरं अभिमानाची आणि माझ्या आईची आखडलेली अक्षरं दुरुस्तीची, हे कसं काय?

ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ चा. त्यात वऱ्हाडीची नोंद आहे, नमुने आहेत, रूपं आहेत. त्याच वर्षी इंग्रजांनी बासीम जिल्हा मोडून अकोल्यात घातला. जिल्हा १ जुलै १९९८ ला परत मिळाला. बोली मात्र त्या खंडानंतर, निदान आमच्या सॉफ्टवेअरच्या दुनियेपुरती, कुणाच्या नोंदीतच राहिली नाही.

आता प्रामाणिकपणे दुसऱ्या बाजूचं. एक, लिखाणाला प्रमाण भाषा लागते. मान्य. मी स्वतः ही पोस्ट वऱ्हाडीत लिहिलेली नाही, आणि कराराचा मसुदा 'करून रायलो'मध्ये लिहा असं माझं म्हणणं नाही. पण प्रमाण लेखन ही लिहिणाऱ्यांची सोय आहे. बाजारभाव विचारणाऱ्या बाईला ती अट घालणं म्हणजे दुकानदारानं गिऱ्हाईकाला 'आधी नीट बोलायला शिका, मग मीठ मागा' म्हणण्यासारखं आहे. दोन, बारा कोसांवर भाषा बदलते, सगळ्यांचा डेटा कुठून आणायचा? पैसा लागतो, वेळ लागतो. हेही मान्य. पण इथेच माझा व्याकरणाचा मुद्दा कामी येतो. या बोली म्हणजे हजार वेगळे अपवाद नाहीत. 'समजत-समजतं'मध्ये आणि 'राहिलो-रायलो'मध्ये एकच वृत्ती काम करते, शब्द अक्षरांत न बोलता तुकड्यांत बोलायचा. तुम्ही यंत्राला अक्षरं शिकवली म्हणून त्याला वऱ्हाडी कळत नाही आणि त्याच कारणानं त्याचं पुणेरीही 'समजलम्' होतं. दोन्ही बग एकाच फाईलमध्ये आहेत. आईचा बग दुरुस्त करायला घेतलात तर तुमचाही दुरुस्त होईल.

मग करायचं काय? मोर्चा काढा असं मी म्हणत नाही. चार साध्या गोष्टी.

एक. टिंब देत जा. 'काम झाल', 'पैसे भरल का', असं बिनटिंबाचं आपण सगळे टाईप करतो, आणि सरकारी एसेमेसपासून बँकेच्या मेसेजपर्यंत तेच दिसतं. ते टिंब शोभेचं नाही. 'झालं'मध्ये दोन तुकडे आहेत, 'झाल'मध्ये एक. टिंब खाल्लंत की शेवटचा आख्खा तुकडा खाल्लात. इटालियन माणूस आपली ती तिरकी रेघ विसरत नाही, कारण विसरला तर काळ बदलतो. आपलं टिंब गेलं की माणूस संदर्भानं सावरून घेतो, यंत्र सावरत नाही.

दोन. शब्दकोशांना उच्चार मागा. कुठलाही बरा इटालियन शब्दकोश जोर कुठे ते दाखवतो. आपल्या घरोघरच्या मराठी शब्दकोशांत अर्थ असतो, लिंग असतं, कधी व्युत्पत्ती असते, पण 'मिरवणूक' कुठे तुटते ते नसतं. अमराठी माणूस मराठी शिकायला बसला की नेमका इथेच आपटतो. माझी बंगळुरूची सहकारी 'करतो'ला क-र-तो म्हणते. तिची काय चूक? आपणच तिला सांगितलं की लिहितो तसं बोल.

तीन. आवाज द्या. मोझिलाच्या कॉमन व्हॉइस प्रकल्पात मराठी आहे, सरकारच्या भाषिणीत भाषादान आहे. दोन्हीकडे कोणीही आपला आवाज देऊ शकतं. पण गॅलरीत जाऊन, पुणेरी आवाज काढून देऊ नका. घरी बोलता तसा द्या. रविवारी गावी फोन कराल तेव्हा दहा मिनिटं आई-बाबांना समजावून सांगा आणि त्यांचा द्या.

चार. ही फक्त आपल्या जातवाल्यांसाठी, म्हणजे इंजिनियर मंडळींसाठी. मीटिंगमध्ये कोणी 'शुद्ध बोला म्हणावं' असं म्हणालं तर गप्प बसू नका. मी बसलो होतो. युजरला दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर दुसऱ्या कुठल्या क्षेत्रात तुम्ही शिप केलं असतं? मोठ्या बोटांच्या माणसाला 'बोटं बारीक करा' म्हणाला असता?

माझ्यापुरतं सांगायचं तर तो तीस ओळींचा कोड आता बराच वाढलाय. 'मिरवणूक' सुधारली. 'रायला', 'करायलो', 'येजो' आत आलेत. अजून शंभर ठिकाणी फुटतो. मागच्या महिन्यात घरी गेलो तेव्हा लॅपटॉपवर आईला ऐकवला. यंत्र म्हणालं, "तुमाले काय पायजे? मले समजून रायलं." समज् नाही, समजलम् नाही. सम्-जून-राय-लं.

आईनं मान तिरकी करून ऐकलं. परत लावायला सांगितलं. मग म्हणाली, "आता कसी मानसासारखी बोलून रायली."

मी मोठ्या आशेनं विचारलं, "आता कोनत्या गावची वाटते?"

थोडा विचार केला तिनं. "आपल्या इकडची नाही. पन सून असन इकडची."

इटालियनमध्ये काय म्हणतात ते, 'कापितो'. जोर मधल्या तुकड्यावर.